इराणच्या सरकारी टीव्हीला खुलं पत्र: तुमच्या दादेस्तानची केस कोण चालवणार?

प्रति,
सदा-ओ-सीमा, म्हणजे इराणचा सरकारी रेडिओ-टीव्ही, तेहरान, तिथले सगळे मोठे साहेब,
आणि त्यांच्यासाठी प्रामाणिक सरकारी वकिलांच्या सिरियली लिहिणारे, काढणारे, पास करणारे सगळे जण,

सलाम आणि नमस्कार.

तुम्ही हे वाचणार नाही हे मला पक्कं माहितीये, वाचलंच तर ट्रान्सलेटरला टाकून वाचाल आणि त्यात निम्मं भलतंच येईल, पण खुलं पत्र ज्याच्या नावाने असतं त्याच्यासाठी कुठे असतं, आजूबाजूचे वाचतात म्हणून लिहायचं असतं. तर मुद्द्यावर येते. तुमच्या त्या प्रामाणिक सरकारी वकिलाचा मला आता कंटाळा आलाय. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही, तक्रार ही आहे की तो जगातल्या सगळ्यांची चौकशी करतो फक्त स्वतःच्या ऑफिसची करत नाही.

(मराठी वाचकांसाठी जरा थांबून सांगते. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे पोलिसांनी केलेला तपास कोर्टात मांडणारा माणूस, त्याला स्वतःला उठून कुणाला आत टाकता येत नाही. इराणमध्ये तसं नाही. तिकडे दादेस्तान म्हणजे शहराचा मुख्य सरकारी वकील, त्याच्या ऑफिसला दादसरा म्हणतात, त्याच्या हाताखाली बाझपोर्स म्हणून तपास करणारे न्यायखात्याचेच अधिकारी असतात, वॉरंट, कोठडी, आरोपपत्र सगळं त्याच दारातून जातं. म्हणजे आपला सरकारी वकील, तपास अधिकारी आणि थोडासा मॅजिस्ट्रेट, सगळे एकाच खुर्चीत. सिरियल लिहिणाऱ्याला असा हिरो फार सोयीचा पडतो, एकच माणूस छापा पण घालतो आणि भाषण पण देतो.)

मी काही तुमची दुश्मन नाहीये. पुण्यात पूर्वी इराणी विद्यार्थी खूप असायचे, कॉलेजात माझ्या ग्रुपमध्येही होते, त्यांच्यामुळे ही सवय लागली, मग तुमच्याच आयफिल्म चॅनेलमुळे आणि जिथे मिळेल तिथे इंग्लिश सबटायटल लावून मी तुमच्या सिरियली बघत आलेय. तुमचे अॅक्टर काय ताकदीचे आहेत! आमच्याकडे एका थोबाडीत मारायच्या सीनला तीन वेळा कॅमेरा गरागरा फिरतो, तुमच्याकडे बाप नुसता चहाचा ग्लास खाली ठेवतो आणि पोराला कळतं की आज काही खरं नाही. 16 जून 2025 ला तुमच्या तेहरानच्या इमारतीवर इस्राएलचा हल्ला झाला, निवेदिका लाइव्ह असताना, ती क्लिप बघून माझ्या पोटात गोळा आला होता. हे सगळं सांगून ठेवते म्हणजे पुढचं वाचताना उगाच कुणी मला कुणाची एजंट वगैरे म्हणू नये.

आता फॉर्म्युला. हिरो साध्या घरातला, दाढी बारीक, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, गाडी जुनी. घरात कुणीतरी इराण-इराक युद्धात गेलेलं, त्याचा फोटो भिंतीवर. बायको समजूतदार, आणि तुमच्या नियमांमुळे बिचारी स्वतःच्या बेडरूममध्ये नवऱ्याशी बोलताना पण डोक्यावर स्कार्फ घेऊन बसलेली, नवरा आजारी असला तरी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायचा नाही. व्हिलन मात्र गुळगुळीत दाढी केलेला, उत्तर तेहरानच्या बंगल्यात राहणारा, मुलगा परदेशात, फोनवर अर्धं इंग्लिश, आणि नाव बहुतेक वेळा जुन्या इराणी राजाबिजाचं, धार्मिक नाव सहसा हिरोला. हे मी नाही म्हणत, तुमचेच लोक वर्षानुवर्षं यावर जोक करतायत. शेवटी व्हिलन विमानतळावर किंवा विमानतळाच्या रस्त्यावर पकडला जातो, एक वरिष्ठ साहेब येऊन हिरोच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि विषय संपला. तो वरिष्ठ साहेब कायम चांगलाच असतो. पहिल्या एपिसोडमध्ये थोडा संशय येतो त्याच्याबद्दल, पण नंतर कळतं की तो आतून मदतच करत होता. दर वेळी!

मसूद देहनमकींनी तर काही वर्षांपूर्वी सरळ ‘दादेस्तान’ नावाचीच सिरियल काढली. देहनमकी कोण हे तुम्हाला सांगायला नको पण इथल्यांना सांगते, हा माणूस नव्वदच्या दशकात अन्सार-ए-हिजबुल्लाहमध्ये होता, म्हणजे सुधारणावाद्यांच्या सभा उधळून लावणारी जी मंडळी होती त्यांच्यात, कट्टर साप्ताहिकं चालवायचा, मग कॅमेरा हातात घेतला आणि 2002 च्या आसपास गरिबी आणि वेश्याव्यवसायावर डॉक्युमेंट्री केली, तुमचा टीव्ही जे दाखवत नाही नेमकं ते दाखवणारी, आणि 2007 मध्ये युद्धावरची कॉमेडी ‘एखराजिहा’ काढली ती अशी चालली की पुढे अजून दोन भाग आले. माणूस इंटरेस्टिंग आहे, खरं सांगायचं तर त्याच्या कुठल्याही हिरोपेक्षा तो स्वतः जास्त इंटरेस्टिंग आहे, कारण तो बदललाय, अडखळलाय, त्याच्या आयुष्यात दोन बाजू आहेत. तुमच्या वकिलांना दोन बाजू नसतात.

2020 च्या उन्हाळ्यात ‘आगाझादे’ आली, टीव्हीवर नाही, फिलिमो आणि नमावा या तुमच्याकडच्या ओटीटींवर. आगाझादे म्हणजे बड्या धेंडांची पोरं, बापाच्या पदावर मजा मारणारी. बेहरांग तौफिघी दिग्दर्शक, हामेद आंघा लेखक. नीमा बहरी हा बडे बाप का बेटा आणि त्याच्या समोर प्रामाणिक तरुण हामेद तेहरानी. अमीर आघाई यांनी नीमा असा रंगवलाय की बघणाऱ्याला हिरोपेक्षा त्याचीच वाट बघावीशी वाटते. इथेपण तेच, हिरो सद्गुणी म्हणून सपाट आणि व्हिलन माणूस म्हणून जिवंत. पण मला त्या सिरियलपेक्षा त्या उन्हाळ्याबद्दल बोलायचंय, कारण लोक मोबाइलवर नीमा बहरीची पापं बघत होते त्याच उन्हाळ्यात तेहरानच्या कोर्टात जी केस चालू होती तिच्यापुढे कुठलाच सिरियलवाला टिकला नसता.

अकबर तबरी. न्यायखात्याच्या प्रमुखांच्या ऑफिसात वर्षानुवर्षं कारभार बघणारा उपप्रमुख. म्हणजे कुणी बिल्डर नाही, कुणाचा पोरगा नाही, ज्या खात्याने चोर पकडायचे त्याच खात्याच्या वरच्या मजल्यावर बसलेला माणूस. 2019 मध्ये अटक, जून 2020 मध्ये केस उभी राहिली, आरोप असे की लोकांच्या केसेस फिरवून दिल्या आणि बदल्यात तेहरानच्या आलिशान टॉवरमधले फ्लॅट, लवासानमधल्या जमिनी घेतल्या. (लवासान म्हणजे तेहरानजवळचं डोंगरातलं श्रीमंतांच्या बंगल्यांचं गाव. नावावरून आपल्याला लवासा आठवतं, पण काही संबंध नाही, योगायोग.) आणि हा माणूस कोर्टात काय म्हणाला, तर माझी दोस्ती अशी आहे की मी म्हटलं तर अख्खं लवासान माझ्या नावावर करून देतील, साधारण अशा अर्थाचं. अहो, हा डायलॉग कुणी लिहून दाखवावा! तुमच्या लेखकाने लिहिला असता तर तुम्हीच कापला असता, अतिशयोक्ती म्हणून. सप्टेंबरमध्ये खालच्या कोर्टाने 31 वर्षं सुनावली.

त्याच केसमध्ये एक जज होता, घोलामरेझा मन्सुरी, त्याच्यावर आरोप होता पाच लाख युरो घेतल्याचा. तो केस सुरू झाली तेव्हा युरोपात. जर्मनीत उपचाराला गेला म्हणून सांगितलं जायचं, तिकडे रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सने त्याच्या विरोधात तक्रार केली कारण याच जजने पत्रकारांना आत टाकलं होतं, मग तो निघाला रोमानियात, आणि 19 जून 2020 ला बुखारेस्टच्या हॉटेलमध्ये वरून पडून मेलेला सापडला. आत्महत्या, अपघात की आणखी काही यावर लोक अजून वाद घालतात. मला सांगा साहेब, एक जज, पत्रकारांना आत टाकणारा, स्वतः परदेशात हॉटेलात बसलाय, पत्रकारांच्याच संघटनेची तक्रार मागे लागलीये, मायदेशात परत बोलावताहेत. या एका माणसावर दहा एपिसोड होतात आणि त्यात एकही गाडी उडवायची गरज नाही. केलेत का? नाही. तुम्ही कोर्टातले सीन बातम्यांमध्ये दाखवलेत, जेवढे दाखवायचे तेवढे, आणि सिरियलमध्ये परत तोच बंगलेवाला व्हिलन.

पण खरा जो माणूस तुमच्या पडद्यावर यायला हवा तो सईद मोर्तझावी. कारण तो नुसता न्यायखात्यातला नाही, तो स्वतःच दादेस्तान होता, तेहरानचा, 2003 ते 2009. इथे एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली, की 1994 मध्ये तुमच्याकडे दादसराच बंद करून टाकली होती! सर्वसाधारण कोर्टांमध्ये सरकारी वकीलच नाही, जजनेच आरोप लावायचा, त्यानेच तपास करायचा, त्यानेच निकाल द्यायचा. 2002 मध्ये कायदा बदलून परत आणली. त्या मधल्या काळात मोर्तझावी प्रेस कोर्टाचा जज होता, आणि 2000 नंतर सुधारणावादी वर्तमानपत्रं एकामागून एक बंद करून टाकली त्याने, त्यावरून त्याला वर्तमानपत्रांचा खाटीक म्हणायचे. मग दादसरा परत आली आणि तेहरानचा दादेस्तान झाला कोण, तर हाच. 2003 मध्येच झहरा काझेमी ही इराणी-कॅनेडियन फोटोजर्नलिस्ट एविन तुरुंगाबाहेर फोटो काढताना पकडली गेली आणि कोठडीतल्या मारहाणीनंतर मेली. 2009 मध्ये निवडणुकीनंतरची आंदोलनं झाली, पकडलेल्या पोरांना काहरिझकच्या कोठडीत पाठवलं, तिथे तीन जण मेले, त्यातला मोहसेन रुहोलअमिनी हा एका कट्टर गटातल्याच मोठ्या माणसाचा मुलगा निघाला म्हणून प्रकरण दाबता आलं नाही. 2010 मध्ये संसदेच्या रिपोर्टने मोर्तझावीला जबाबदार धरलं.

आता यापुढचं ऐका, म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, पण मराठी लोकांनी ऐका. एवढं होऊन या माणसाला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजादांनी कुठे बसवलं? तस्करी रोखणाऱ्या सरकारी मुख्यालयाच्या प्रमुखपदी. म्हणजे भ्रष्टाचारविरोधी हिरोच्या खुर्चीत! आणि त्यानंतर सोशल सिक्युरिटीच्या संस्थेचा प्रमुख, जिथे देशभरातल्या कामगारांच्या पेन्शनचा पैसा असतो. त्या नेमणुकीवरून फेब्रुवारी 2013 मध्ये संसदेत कामगारमंत्र्यावर महाभियोग आला, तर अहमदीनेजाद स्वतः उभे राहिले आणि भर सभागृहात एक व्हिडिओ वाजवला, ज्यात मोर्तझावी आणि संसदेच्या अध्यक्षांचा भाऊ फाझेल लारिजानी बोलतायत. अध्यक्ष त्यांच्या समोरच खुर्चीत बसलेले. त्याच वेळी आणखी एक भाऊ न्यायखात्याचा प्रमुख. मंत्र्याची खुर्ची गेली, मोर्तझावीला दुसऱ्या दिवशी अटक, दोन-तीन दिवसांत बाहेर. शेवटी 2017 मध्ये रुहोलअमिनीच्या मृत्यूला साथ दिल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा, आत गेला एप्रिल 2018 मध्ये. ज्या माणसाच्या सहीने एवढे लोक आत गेले तो शिक्षा लागल्यावर काही दिवस सापडतच नव्हता.

एवढा मसाला घरात असताना तुम्ही बाहेरून पाकिटातला आणताय याचंच मला नवल वाटतं.

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल. तुम्ही म्हणाल की बाई, आम्ही तर तबरीला पकडलं, शिक्षा केली, म्हणजे यंत्रणा चालते. रईसी 2019 मध्ये न्यायखात्याचे प्रमुख झाले आणि भ्रष्टाचाराला हात घालणारा माणूस म्हणूनच त्यांचं नाव पुढे आलं, 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. मान्य. पण पकडलं तेव्हाच का पकडलं, आधीच्या साहेबांच्या काळात का नाही, त्याच्या टेबलावरून गेलेल्या बाकीच्या फाइलींचं काय झालं, ज्यांच्या केसेस फिरवल्या त्या हरलेल्या लोकांना कुणी परत बोलावलं का, हे प्रश्न बातमीत मावत नाहीत, सिरियलमध्ये मावतात. त्यासाठीच तर सिरियल असते ना. मला तर एका केस हरलेल्या बाईची गोष्ट बघायचीये, जिची जमीन गेली, आणि पाच वर्षांनी ती टीव्हीवर बघते की आपल्या केसमागचा साहेब कोर्टात उभा आहे, आता ती कुठल्या खिडकीवर जाणार?

आणि लोकांना पकडण्याचंच म्हणाल तर 2018 घ्या. रियाल गडगडला, एप्रिलमध्ये सरकारने डॉलरचा भाव 4200 तोमान (एक तोमान म्हणजे दहा रियाल) ठरवून टाकला, मे महिन्यात अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली, बाजारात भाव कुठच्या कुठे गेला. आता ज्याला सरकारी भावाने डॉलर मिळाला त्याने काही आयात नाही केली, नुसता बाजारात विकला तरी तो मालामाल. यात हुशारी लागतच नाही, लागते ती परवान्याची सही. ऑगस्टमध्ये आर्थिक गुन्ह्यांसाठी खास कोर्टं काढली, झटपट सुनावणी, फाशी सोडली तर अपील पण नाही. वहीद मझलुमिन, ज्याला नाण्यांचा सुलतान म्हणायचे, दोन टन सोन्याची नाणी जमवली असा आरोप, जुलैमध्ये पकडला आणि 14 नोव्हेंबर 2018 ला फाशी. चार महिने. त्याच्या आधी 2014 मध्ये माहाफरीद अमीर खोसरवी, 2.6 अब्ज डॉलरचा बँक घोटाळा, फाशी. आणि बाबक झंजानी, ज्याने निर्बंधांच्या काळात सरकारचं तेल विकून दिलं आणि तेल खात्याचे दोन अब्ज युरोच्या वर पैसे अडकवले, त्याला 2016 मध्ये फाशी सुनावली आणि 2024 मध्ये ती रद्द होऊन वीस वर्षं झाली, कारण परदेशातला माल परत आला म्हणे. मी फाशीच्या बाजूची नाहीये, कुणालाच नको. पण एक मेला आणि एक वाचला यामध्ये जे काही घडतं, कोण कुणाला भेटतं, कुठल्या खोलीत हिशोब होतो, तिथे दादेस्तान काय करत असतो, ते दाखवा की. मेलेला माणूस कुणाचं नाव घेऊ शकत नाही, एवढं तर तुमच्या लेखकाला सुचायला हवं होतं.

चहाची केस तर आमच्या इतक्या जवळची आहे की मी ती वाचताना अक्षरशः हसले. 2023 च्या शेवटी बाहेर आलं की देब्श नावाच्या चहा कंपनीला 2019 ते 2022 मध्ये चहा आणि मशिनरी आणायला 3.37 अब्ज डॉलरचं स्वस्त परकीय चलन मिळालं होतं. 3.37 अब्ज! तुमच्याच तपासणी खात्याने सांगितलं की कंपनी कागदावर भारतातला भारी दार्जिलिंग चहा आणत होती 14 डॉलर किलोने, आणि प्रत्यक्षात येत होता केनियाचा 2 डॉलरचा. आणि चलनातला मोठा हिस्सा सरळ खुल्या बाजारात विकला. आसामचा ऑर्थोडॉक्स चहा वर्षानुवर्षं तुमच्याकडे जातो, त्या मळ्यातल्या लोकांना तुमचं गिऱ्हाईक किती महत्त्वाचं आहे ते विचारा, आणि इकडे आमच्या दार्जिलिंगच्या नावाने तुमच्या घराघरात केनिया पाजला जात होता! मंत्र्यांपर्यंत गेलं प्रकरण. चहा, जो तुमच्या प्रत्येक सिरियलच्या प्रत्येक सीनमध्ये असतो, हिरो पितो, व्हिलन पितो, बाझपोर्स आरोपीला देतो. कुठल्यातरी एका सीनमध्ये दादेस्तानने ग्लास तोंडाला लावून जरा थबकायला हरकत नव्हती.

आता जरा आमच्याकडची पण लाज काढते, म्हणजे एकतर्फी नको. ही सद्गुणी सरकारी माणसाची खोड तुम्हाला लागली त्यात आमच्या मुंबईचा थोडा हात आहे. फारसी भाषेतला पहिला बोलपट ‘दोख्तर-ए-लोर’ 1933 मध्ये मुंबईत बनला, इंपीरियल फिल्म कंपनीत, ‘आलम आरा’वाल्या अर्देशीर इराणींनी काढला, आणि हे अर्देशीरशेठ जन्मले आमच्या पुण्यात. लिहिला आणि हिरो झाला अब्दुलहुसेन सेपांता. गोष्ट काय? जाफर नावाचा सरकारी माणूस दरोडेखोरांचा बंदोबस्त करायला लोरिस्तानात जातो, गोलनार भेटते, दोघं जिवावर बेतल्यावर मुंबईला पळून येतात, आणि मग कळतं की देशात नवीन राजवट आलीये, आता सगळं सुरळीत झालंय, की परत जातात. म्हणजे तुमच्या पहिल्याच बोलत्या सिनेमात प्रामाणिक सरकारी हिरो, बाहेरचे व्हिलन, आणि शेवटी वरचा साहेब चांगला निघतो. नव्वद वर्षं झाली, शहा गेला, क्रांती झाली, आणि शेवटचा एपिसोड अजून तोच! फक्त भिंतीवरचा फोटो बदललाय. आमच्याकडे पण वर्दीतल्या हिरोचं फार वेगळं काही नाही म्हणा, पण आमच्याकडे निदान मंत्री व्हिलन असू शकतो, पोलिस कमिशनर विकला गेलेला दाखवता येतो, जज पण. नंतर आरडाओरडा होतो, केसेस होतात, ते वेगळं.

तुम्हाला का जमत नाही हे न कळण्याएवढी मी भोळी नाही. तुमच्या घटनेच्या 175 व्या कलमाप्रमाणे टीव्हीचा प्रमुख सर्वोच्च नेता नेमतो, आणि 157 प्रमाणे न्यायखात्याचा प्रमुख पण तोच नेमतो. म्हणजे पडद्यावरच्या दादेस्तानचा साहेब आणि पडद्याचा साहेब, दोघांची ऑर्डर एकाच ऑफिसातून निघते. खासगी टीव्ही चॅनेलला परवानगी नाही, डिश अँटेनावर नव्वदच्या दशकापासून बंदी आहे (गच्चीगच्चीवर डिश आहेत तो भाग निराळा), आणि ओटीटीवाले जरा वेगळं करायला लागले तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला साट्रा आणली, ती पण तुमच्याच हाताखाली. स्पर्धकाचा पेपर तुम्हीच तपासणार, वा! तुमच्याकडचे दिग्दर्शक मोहम्मद रसुलोफनी 2024 च्या ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ या सिनेमात त्या खुर्चीतल्याच माणसाची गोष्ट सांगितली, क्रांतिकारी कोर्टात बढती मिळालेला तपास अधिकारी, ज्याला फाइल न वाचता फाशीच्या कागदावर सही करायला सांगतात. चोरून शूटिंग करावं लागलं, आठ वर्षांची शिक्षा झाली, माणूस डोंगर चालत ओलांडून देशाबाहेर पडला आणि मग कान फिल्म फेस्टिव्हलला सिनेमा लागला. तुमचा सद्गुणी दादेस्तान ज्या खुर्चीत बसतो तिच्याबद्दल खरं सांगायची तिकडे ही किंमत आहे.

आणखी एक, हे बोलायला मला जड जातंय पण बोलते. तुमच्या सिरियलमध्ये आरोपी नेहमी शेवटी कबूल करतो. टेबल, दिवा, पाण्याचा ग्लास, आणि तो सगळं सांगून टाकतो. याच तुमच्या चॅनेलवर 2012 मध्ये मझियार इब्राहिमी नावाचा माणूस कॅमेऱ्यासमोर कबूल करताना दाखवला होता की आम्ही अणुशास्त्रज्ञांना मारलं. तो निर्दोष निघाला, सुटला, आणि 2019 मध्ये बीबीसी पर्शियनला त्याने सांगितलं की मला मारून मारून हे बोलायला लावलं. कबुलीचा सीन एका स्टुडिओत ड्रामा म्हणून शूट होतो आणि दुसरीकडे खरा म्हणून, आणि दोन्ही एकाच चॅनेलवर लागतात. त्यानंतर तुमच्या सिरियलमधली कुठलीही कबुली मला धड बघवत नाही, अॅक्टर कितीही चांगला असला तरी.

तर माझी मागणी साधी आहे आणि ती होणार नाही हेही मला माहितीये. पुढची दादेस्तानची सिरियल काढाल तेव्हा व्हिलन दादसराच्या आतला घ्या. बंगल्यातला नको, ऑफिसातला. त्याला दाढी असू द्या, वरचं बटण लावलेलं असू द्या, भिंतीवर फोटो असू द्या. चोरी शोधून काढणारा हिरो वकील नको, एखादी पत्रकार घ्या. 2016 मध्ये तेहरान महापालिकेच्या मालमत्ता बड्यांना स्वस्तात दिल्याची कागदपत्रं एका छोट्या न्यूज साइटने छापली तर साइटच्या संपादकालाच उचललं होतं, महापौर मात्र पुढे संसदेचे अध्यक्ष झाले, तशी कुणीतरी. तिला पहिल्या एपिसोडमध्ये बातमी मिळते आणि दुसऱ्या एपिसोडमध्ये दादेस्तानची नोटीस. दादेस्तान वाईटच असला पाहिजे असं पण नाही माझं, उलट तो थोडा चांगला असला तर जास्त मजा, ज्याला कळतंय की बातमी खरी आहे, आणि ज्याला हेही कळतंय की नोटिशीवर सही नाही केली तर उद्या त्या खुर्चीत दुसरा कुणी असेल आणि तो विचार न करता सही करेल. या माणसाला घरी पाठवा, बायकोसमोर बसवा, आणि पुढे त्याने काय केलं ते मला दाखवा. आणि तो वरिष्ठ साहेब येऊन खांद्यावर हात ठेवतो ना, त्या वेळी कॅमेरा जरा साहेबाच्या तोंडावर पण जाऊ द्या.

आणि आयफिल्मवर टाकलीत तर सबटायटल नीट द्या हो. मागे एका सिरियलमध्ये कोर्टाचा अख्खा सीन सबटायटलशिवाय गेला, नेमका निकालाचाच.

तुमची एक प्रेक्षक,
पुणे